व्होरॅनाईटच्या वहीचं शेवटचं पान

१

रविवार, ११ फेब्रुवारी २००७. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चामटोलीजवळच्या बंद दगडखाणीत साठलेल्या पाण्यावर एका तरुणाचा मृतदेह तरंगताना दिसला. तो पहिल्यांदा पाहिला बाळाजीने. बाळाजी चामटोलीचा शेतकरी, वय अठ्ठावन्न. खाणीपलीकडे त्याचा वालाचा तुकडा आहे आणि तिकडे जायची वाट काठावरूनच जाते.

मृताचं नाव विक्रांत, वय बावीस, राहणार अंबरनाथ पूर्व. अंगावर शर्ट आणि जीन्स होती. पाण्यापासून पंधरा फुटांवर त्याचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते. उजव्या बुटात घडी केलेला चष्मा होता. बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत एक लांब वही होती. वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्याच अक्षरात तीन नोंदी होत्या.

०.४० – निळं अंगात शिरलं की परत वर जायचं नाही.

१.१५ – दार आतून लावायचं. म्हणजे वरचे वाचतील.

१.५० – कोणाचा दोष नाही. मला शोधायला येऊ नका. दिवा चालू ठेवा.

विक्रांतला पोहता येत होतं. पोहता येणारा मुलगा बूट नीट काढून ठेवतो, चष्मा घडी करतो, मध्यरात्रीनंतर चाळीस मिनिटांनी लिहायला बसतो आणि दोनच्या सुमाराला पाण्यात उतरतो, असा अर्थ पोलिसांनी लावला. बुधवारी कागदावर आत्महत्या असा शब्द लिहिला गेला.

विक्रांतची आई शालन एका खाजगी दवाखान्यात आया आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. शब्द ऐकून ती रडली नाही. तिने थोरल्या भावाला, भीमरावांना, आत बोलावलं आणि दार लोटलं.

"दादा, शनिवारी दुपारी मी त्याला बोलले होते. परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला म्हणून. सारखं त्या खेळातल्या खाणीचं तुणतुणं. मी म्हटलं, जा, त्या खाणीतच जाऊन राहा. परत येऊ नको."

भीमराव तिच्यासमोर खाली बसले.

"तो माझं ऐकून गेला का, तेवढं मला सांग. बाकी मला कोणाचं काही नको."

२

भीमराव अंबरनाथच्या शस्त्रास्त्र कारखान्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. आलेला माल मोजायचा, पास करायचा किंवा परत पाठवायचा, एवढंच काम. त्या काळापासून ते खिशात एक छोटी वही ठेवतात आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारतात. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला लिहायचं नाही, हा त्यांचा नियम.

ठाण्यातून वस्तू परत मिळाल्या तेव्हा त्यांनी डावीकडे तीन गोष्टी लिहिल्या.

पहिली: विक्रांतच्या हातात घड्याळ नव्हतं. मोबाईल तर आईशी भांडून निघताना घरीच राहिला होता. मग मध्यरात्रीनंतर किती वाजले हे त्याला कळलं कसं?

दुसरी: शेवटच्या पानावरच्या ओळी सरळ होत्या. एकही अक्षर रेषेखाली उतरलेलं नव्हतं. खाणीवर दिवा नाही, आणि पंचनाम्यात टॉर्चची नोंद नाही.

तिसरी: बुटांच्या नाड्या बांधलेल्याच होत्या, दुहेरी गाठीच्या. टाचा आत दबलेल्या होत्या.

त्यांनी बूट शालनपुढे ठेवले. "हा असे काढायचा?"

शालनने टाचेवरून बोट फिरवलं. "कधीच नाही. दिवाळीला घेतलेत. टाच मोडली की मी ओरडायचे. खाली बसून नाड्या सोडायचा, मग काढायचा."

"घाईत असला तरी?"

"घाईत तो कधी होता दादा? अंघोळीला अर्धा तास लागायचा त्याला."

गाठ न सोडता पायाने ओरबाडून काढलेले बूट शेजारी शेजारी नीट कसे ठेवले गेले? भीमरावांना माल जुळत नव्हता.

३

वहीवर नाव होतं: 'व्होरॅनाईट'. एका परदेशी संगणक-खेळातलं हे काल्पनिक खनिज. खेळाचं नाव 'लास्ट क्वारी'. एका उजाड ग्रहावर माणसं हे निळं खनिज खणतात. मुठीएवढ्या तुकड्यावर एक शहर वर्षभर उजळतं, पण ते खणणारी माणसं एकेक करून नाहीशी होतात. नवव्या टप्प्यात एक बंद दार लागतं. दारासमोर चौदा हेल्मेटं ओळीने मांडलेली, आणि दार आतून लावलेलं. आतून का, हे खेळ सांगत नाही.

या एका प्रश्नावर अंबरनाथ पूर्वेच्या एका सायबर कॅफेत चार जण दोन वर्षं वाद घालत होते: विक्रांत, कॅफे सांभाळणारा जयदेव, रसायनशास्त्र शिकणारी स्वप्नाली आणि बदलापूरचा डिप्लोमावाला अभिजीत. वहीच्या पहिल्या पानावर नियम होता: 'उत्तर बाहेरून आणायचं नाही. नेटवर शोधायचं नाही.' खाली चौघांच्या सह्या.

भीमराव कॅफेत गेले तेव्हा जयदेव एका संगणकाची वायर चाचपत होता.

"मामा, बसा ना. चाय बोलू का?"

"नको. हे निळं म्हणजे काय असतं ते सांग."

"माझी थिअरी पूछो तो ते अंडं आहे. जिवंत. गरम ठेवायला त्याला माणूस लागतो." जयदेवने आवाज खाली आणला. "विकी हसायचा माझ्यावर. बोलायचा, तुला भूक लागली की सगळ्यात अंडंच दिसतं."

"हे शेवटचं पान खेळातलं आहे का?"

जयदेवने वाचलं आणि मान हलवली. "नाय मामा. पोलिसांना पण मी तेच बोललो. गेम मी सोळा वेळा संपवलाय. असं कोणीच बोलत नाही त्यात. बोलणंच नाही गेममध्ये."

स्वप्नाली कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. वहीतलं एक पान फाडलेलं होतं. भीमरावांनी त्याबद्दल विचारल्यावर तिने लपवलं नाही.

"ते माझंच पान होतं. मी लिहिलं होतं, किरणोत्सर्ग आहे, हाडांत बसतो, आणि आजारी लोकांना कंपनीनेच आत कोंडलं. विक्रांतने समासात लिहिलं, 'मॅडम, कडी आतून आहे.' राग आला, फाडलं. आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी." तिने वही मिटली. "शेवटचा आठवडा होता तो, मला काय माहीत."

अभिजीत आत आलाच नाही. बाहेर पायरीवर उभा होता, अंगात बंद गळ्याचं स्वेटर, ओठ सुकलेले.

"शनिवारी कुठे होतास रे?"

"क्लासला. कल्याणला. संध्याकाळपर्यंत."

"त्या दाराबद्दल तुझं काय मत?"

"काय मत असणार मामा." तो रस्त्याकडे बघत बोलला. "ती बिचारी म्हातारी दुसरं काय करणार होती? मागे सगळे उभे होते. कोणीतरी आत राहायलाच हवं होतं."

भीमरावांना त्यातलं काही कळलं नाही. तरी त्यांनी तिघांचंही बोलणं शब्दशः उजवीकडे लिहून घेतलं.

४

बाळाजी खाणीच्या वाटेवरच भेटला. खांद्यावर वालाच्या शेंगांचं गाठोडं होतं. भीमराव मुलाचे मामा आहेत हे कळल्यावर त्याने गाठोडं खाली ठेवलं.

"पोलिसांना सगला सांगितला मी. आदी मना वाटला कोन पवतोय. मंग हाललाच नाय."

"बूट कुठे होते?"

"तिथंच, त्या कातळावं."

"नीट ठेवलेले?"

बाळाजीने बोट दाखवायला उचललेला हात खाली घेतला. "नीट म्हंजे... मीच नीट केलं ना."

"म्हणजे?"

"एक व्हता इथं, उलटा पडलेला. दुसरा पार तिकरं, त्या निवडुंगाशी. उलटा जोडा तसा ठेवतात का भाऊ? कोनाच्या दारात दिसला तरी मी पायानं सरल करतो. घरात भांडनं व्हतात त्यानं. आन इथं तर पोर मेलेला." त्याने ओठ पुसले. "सरल केलं, जोडीनं ठेवलं. चष्मा गवतात उघडाच व्हता, कोनाचा पाय पडंल म्हनून घडी करून जोड्यात ठेवला. मंग पोलीसपाटलाकडं गेलो."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी इचारलाच नाय. त्यात सांगन्यासारखा काय हाय? उलटा जोडा सगलेच सरल करतात."

भीमराव त्या कातळापासून निवडुंगापर्यंत चालत गेले. अकरा पावलं. धावता धावता एक बूट झटकला, पुढे दुसरा, मग चष्मा फेकला, पण कपडे अंगावरच राहिले. स्वतः मरायला निघालेला माणूस असा पळत नाही. पाण्यात दुसरं कोणी असेल तर पळतो.

त्यांनी 'पाहिलं'खाली लिहिलं: अकरा पावलं. मग खाणीच्या काठावर बराच वेळ बसून राहिले. पाणी खरंच निळं होतं.

५

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आपली वही स्वप्नालीपुढे ठेवली. तिने तपासल्यावर काही चूक निघाली तर बरं, एवढाच हेतू. ती उजवा रकाना वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली.

"म्हातारी? हे कोण बोललं मामा?"

"अभिजीत. का?"

"कोण म्हातारी?" तिने जयदेवला हाक मारली. "जया, नवव्या टप्प्यात म्हातारी आहे?"

"पागल झालीस का? तिकडे फक्त खाणीचा मुकादम आहे. त्याचं पण हेल्मेट कधी निघत नाही. तोंड कोणी बघितलंय?"

"मग अभ्याने कुठे बघितलं?"

जयदेवने नजर कीबोर्डकडे वळवली. भीमरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तपासणी विभागात वाईट माल आणणारा माणूस त्या नजरेपुढे फार वेळ टिकत नसे.

"मामा, एक बात सांगतो, गुस्सा नका होऊ. आपली सीडी उल्हासनगरची आहे. कॉपी. ओरिजिनल गेम दोन सीडीचा येतो. एका सीडीत बसवायला ते लोक आतले पिक्चर कापतात, आवाज पण काढतात. गेम चालतो, फक्त मधले सीन येत नाहीत. काळा पडदा येतो, मग पुढचा टप्पा."

स्वप्नालीचा आवाज बारीक झाला. "काळा पडदा? नववा संपल्यावर येतो तो? मी त्याच्यावर चार पानं लिहिलीत. मला वाटलं, मुकादम आंधळा झाला असं दाखवलंय."

"मला माहीत होतं कापलेलं असतं. पण काय कापलंय ते नव्हतं माहीत ना. सांगितलं असतं तर तुम्ही खेळायला आलाच नसता."

दोन वर्षं चार हुशार मुलं ज्या प्रश्नाशी झटली, त्याचं उत्तर कोणीतरी सीडीवर जागा नाही म्हणून पुसलं होतं. आणि उत्तर माहीत असलेला एक जण पायरीवर उभा राहून बोलून गेला होता.

"विक्रांतने पण बघितलं असणार," स्वप्नाली म्हणाली. "मला सांगितलं नाही. नियम मोडला होता ना."

६

बदलापूरला अभिजीतच्या घराचं दार त्याच्या आईने, विठाबाईंनी उघडलं. तारीख ११ मार्च. अभिजीत नव्हता. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून तो आठवड्यापूर्वी मस्कतला मामाच्या दुकानावर गेला होता.

"अचानक?"

"हट्टच धरला हो. पासपोर्ट होताच. लग्नाला आला होता माझा भाऊ जानेवारीत, त्याला फोन करकरून व्हिसा काढायला लावला." त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "पोराला झालंय तरी काय, तुम्हाला माहीत आहे का? त्याचा मित्र गेला ना तो, तेव्हापासून. अंघोळीला बसायचा नाही. बादली बघितली की बाहेर यायचा. ओल्या फडक्याने अंग पुसायचा नुसतं."

"तेव्हापासून म्हणजे नक्की कधीपासून?"

"त्या शनिवारपासूनच. भिजून आला होता, साडेसहाला वगैरे. म्हणाला, नदीवर पाय घसरला. रात्री ताप भरला. मीच जीन्स वाळत घातली, तर खिशात सगळी दगडाची पांढरी..."

विठाबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी भीमरावांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. वहीवर पेन टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं.

"तुम्ही कोण म्हणालात?"

"विक्रांतचा मामा."

मित्राचा मृतदेह रविवारी मिळाला होता. मुलगा शनिवारीच भिजून आला होता. हे आता विठाबाईंनाही मोजता येत होतं. त्या उठल्या, आत गेल्या आणि एक चपटा खोका घेऊन आल्या. आत दोन सीड्या होत्या.

"भावाने आणलेला. त्या दुपारी दोघं इथंच बसले होते. मी कामावर होते, पण येऊन बघितलं तर दोन ताटल्या घासायला पडल्या होत्या." त्यांनी खोका हातात दिला, पण पटकन सोडला नाही. "माझं एकच आहे हो ते."

"माझ्या बहिणीचं पण," भीमराव म्हणाले.

७

सीडी कॅफेत लावली तेव्हा शालन पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसली. विक्रांतची खुर्ची तीच होती, हे तिला कोणी सांगितलं नाही.

नववा टप्पा संपला. काळ्या पडद्याच्या जागी चित्र उजळलं. मुकादमाने हेल्मेट काढलं. आत पांढऱ्या केसांची एक बाई होती. पडद्याखाली इंग्रजी ओळी येत होत्या, स्वप्नाली त्या मराठीत सांगत होती. भीमराव हातातल्या घड्याळाकडे बघत होते. चाळिसाव्या सेकंदाला वहीतलं पहिलं वाक्य आलं. एक मिनिट पंधरा सेकंदांनी दुसरं. एक पन्नासला तिने बाहेर उभ्या असलेल्यांना सांगितलं, कोणाचा दोष नाही, मला शोधायला येऊ नका, दिवा चालू ठेवा. आणि कडी लावली.

"परत लाव," शालन म्हणाली.

जयदेवने परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

"म्हणजे हे त्याचं नाही?"

"नाही काकू," स्वप्नाली म्हणाली. "अक्षर फक्त त्याचं. बोलणं त्या बाईचं आहे. तो आम्हाला दाखवायला मराठीत उतरवून आणत होता."

भीमरावांनी रात्रभर बसून चार पानी अर्ज लिहिला. पानावरच्या वेळा घड्याळाच्या नाहीत, चित्रफितीच्या आहेत. मजकूर शनिवारी दुपारी बदलापूरला, उजेडात, टेबलावर लिहिलेला आहे. दोघं तिथून निघाले आणि खाणीवर गेले. अभिजीत पाण्यात होता. विक्रांत अकरा पावलं धावत गेला आणि आत शिरला. एक वर आला, साडेसहाला घरी पोचला. बूट बाळाजीने सरळ केले. जे सांगता येत नव्हतं तेही त्यांनी लिहिलं: अभिजीत पाण्यात कसा गेला, ठाऊक नाही. घसरला, उतरला की आणखी काही, ते तोच सांगू शकतो. तो कोणाला हाक न मारता का निघून गेला, तेही.

ठाण्यात अर्ज घेतला, शिक्का दिला. सीडी जमा करून घेतली. हवालदार सभ्यपणे बोलले. "काका, बघू आम्ही. पण इथल्या कॉम्प्युटरला सीडीचा ड्राइव्ह नाही. साहेबांना विचारावं लागेल."

८

मार्चअखेरीपासून विक्रांतच्या मोबाईलवर दर शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला फोन येतो. शालन तो मोबाईल चार्ज करून ठेवते. नंबर ओमानचा असतो. पलीकडून कोणी बोलत नाही. मागे कुठेतरी वाहनांचा आवाज येतो, एकदा अजान ऐकू आली होती.

पहिल्या वेळी तिने विचारलं होतं, "कोण, अभिजीत?" फोन कट झाला. पुढच्या शनिवारी तिने नाव घेतलं नाही. "जेवलास का?" एवढंच म्हणाली. फोन एक मिनिट चालू राहिला. तेव्हापासून ती ओरडत नाही, पोलिसांचं नाव काढत नाही. भीमरावांनी एकदा सुचवलं की त्याला खाणीबद्दल विचार, दिवस विचार, वेळ विचार. तिने मान हलवली.

"त्याला मी घालवला तर तो परत फोन करायचा नाही."

एप्रिल गेला, मे गेला. ठाण्यातल्या कागदावरचा शब्द तोच आहे. सीडी पाकिटात आहे. पाकीट उघडलेलं नाही. विठाबाई दोनदा शालनच्या दारापर्यंत येऊन गेल्या. दोन्ही वेळा शालन कामावर होती. दोघींची भेट अजून झालेली नाही.

शनिवार, ३० जून २००७. फोन पाच वाजून सात मिनिटांनी आला. भीमराव खोलीत होते, तिच्यापासून दोन हातांवर. शालनने मोबाईल कानाला लावला आणि जेवणाचं विचारलं नाही.

"तुम्ही दुपारभर बरोबर होतात," ती म्हणाली. "मला एवढंच सांग. तो माझ्यावर रागावला होता का?"

फोन चार मिनिटं चालू होता. शालन भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग तिने मोबाईल खाली घेतला, तो दोन्ही हातांत धरला आणि भीमरावांकडे वळली.

"नाही म्हणाला."

"बोलला?"

"म्हणाला, नाही. हळू म्हणाला. ऐकलंस ना दादा?"

भीमरावांना वाहनांचा आवाज ऐकू आला होता. दुसरं काही नाही. त्यांनी खिशातून वही काढली, पानावर मधोमध रेघ मारली, तारीख आणि वेळ टाकली. डावा रकाना कोरा ठेवला. उजवीकडे 'ऐकलं'खाली त्यांनी एकच शब्द लिहिला: शालनने.